शेवटच्या एक्क्याचं वजन

१९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सीन नदीवर नौकानयनाची एक शर्यत झाली. दोघं वल्हेकरी आणि सुकाणू धरणारा एक कॉक्स, अशी तिघांची नाव. नेदरलँड्सच्या ब्रांट आणि क्लाइन या जोडीला प्राथमिक फेरीतच कळून चुकलं, की फ्रेंच नावा पुढे जातात त्या वल्ह्यांच्या जोरावर नव्हे. त्यांच्या सुकाणूवर पोरं बसलेली असतात, आणि आपण मात्र ब्रॉकमन नावाचा पुरा वाढलेला माणूस वाहून नेतो आहोत. अंतिम फेरीला त्यांनी ब्रॉकमनला काठावर ठेवलं आणि तिथलाच एक फ्रेंच मुलगा नावेत घेतला. नाव अगदी थोडक्यात जिंकली. विजेत्यांसोबत त्या मुलाचा फोटो आहे. त्याचं नाव मात्र कुणी टिपून ठेवलं नाही. त्याच्या वयाचे अंदाज सातपासून बारापर्यंत पसरलेले आहेत. पुढे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्येही नोएल व्हँडरनॉट हा बारा वर्षांचा फ्रेंच मुलगा कॉक्स म्हणून दोन कांस्यपदकं घेऊन गेला. आज जागतिक शर्यतीत असं मूल दिसणार नाही. कॉक्सचं वजन किमान ५५ किलो हवं, कमी भरलं तर तेवढं जड वजन नावेत ठेवायचं, आणि त्या भरीलाही मर्यादा, असा जागतिक महासंघाचा नियम आहे. या नियमात मुलांबद्दल कळवळ्याचा एक शब्द नाही. त्याने फक्त हलकेपणाची किंमत काढून घेतली, आणि मुलाला नावेत बसवण्यात कुणाचा फायदा उरला नाही.

धोक्याच्या, शरीर पिळून काढणाऱ्या खेळात लहान मूल दिसलं की आपण पहिल्यांदा त्याचं वय विचारतो. बारा चालेल का, चौदा चालेल का, यावर मग वर्षानुवर्षं खल चालतो. माझं म्हणणं असं, की त्याआधी दुसरं काही विचारायला हवं: हे मूल इथं कशासाठी हवं आहे? उद्या ते जे होणार आहे त्यासाठी, की आज ते लहान आणि हलकं आहे म्हणून? दुसरं उत्तर असेल, तर वयाचा कुठलाही आकडा फार काळ टिकत नाही, कारण सगळा खेळच त्या आकड्याला खालून ढकलत असतो. हे म्हणणं घासून पाहायला मुंबई-ठाण्याच्या दहीहंडीइतकी चांगली जागा नाही. आणि घासून पाहायचं तर समोर हंडीच्याच बाजूचं माणूस हवं. म्हणून इथे गोविंदा पथकाचे एक प्रशिक्षक कल्पिले आहेत. पोरं त्यांना दादा म्हणतात, मीही तेच म्हणतो. दादा ही कुणी एक व्यक्ती नाही. या वादात पथकांच्या बाजूने जे सर्वांत दमदार बोललं जातं, ते त्यांच्या तोंडी आहे.

दादा म्हणतात, “तुमची ती नाव पॅरिसातच राहू द्या. इथं पोराला काठावरून उचलून आणत नाहीत. गुरुपौर्णिमेला नारळ फुटतो, तिथपासून रोज रात्री मैदानात सराव. आईबाप समोर बसलेले असतात. वर चढणाऱ्या पोराचा बाप एकेकाळी माझ्याच पथकात तिसऱ्या थराला होता. आणि सणाचं म्हणाल तर ज्याचा सण तोच मुळी पोर. किसनदेवाने लोणी खाल्लं ते काय अठरा पूर्ण झाल्यावर?”

टोला जोरकस आहे, पण तो दादांच्याच बाजूला जाऊन पडतो. गोकुळातल्या त्या गोष्टीत शिंकं घराच्या आढ्याला टांगलेलं होतं, आणि त्याखाली उभे होते ते सगळे सवंगडी. ज्याच्या खांद्यावर पाय द्यायचा तोही पोर, वर चढणारा तोही पोर. पडले तर सगळे हातभर उंचीवरून एकमेकांवर पडणार. खाली प्रौढ माणसांचे पाच-सहा थर नव्हते, क्रेन नव्हती, आणि लोणी सोडून दुसरं बक्षीसही नव्हतं. मुलांनी मुलांशी खेळलेला खेळ आणि मोठ्यांच्या चुरशीत शेंड्यावर ठेवलेलं मूल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परंपरा पहिल्या गोष्टीची आहे. दुसरी गेल्या काही दशकांत, बक्षिसांच्या रकमा लाखांच्या घरात जाता जाता, आपल्या डोळ्यांदेखत तयार झाली. जय जवान पथकाने २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा विक्रम गिनीज बुकात नोंदवला. २०२५ मध्ये कोकण नगर आणि जय जवान या पथकांनी दहा थर लावले. थर वाढतात तशी वरची जागा अरुंद होत जाते, आणि शेवटी एकाच्या खांद्यावर दुसरा, असा एकेकच माणूस उभा राहतो. पथकांच्या भाषेत हे एक्के. शेवटचा एक्का जितका हलका, तितका खालचा प्रत्येक खांदा सुटतो.

कायदा या सगळ्याच्या मागून कसा धापा टाकत आला, तेही पाहण्यासारखं आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, अठरा वर्षांखालचं कुणी नको आणि उंची वीस फुटांवर नको. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि रेघ बारा वर्षांवर आली. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने अठरा वर्षं आणि वीस फूट हे दोन्ही पुन्हा कायम केलं. २०१७ मध्ये प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत आलं. वय आणि उंची ठरवणं हे विधिमंडळाचं काम आहे असं तेव्हा ठरलं, आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना घेतलं जाणार नाही हे राज्य सरकारचं म्हणणं नोंदवून घेतलं गेलं. तीन वर्षांत अठरा, बारा, अठरा, चौदा. २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, सरकारी नोकऱ्यांतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाचं दार उघडलं, विमा दिला. पुढल्या वर्षी प्रो गोविंदा स्पर्धाही आली. आणि चौदाचा नियम कागदावर असताना, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, सणाला काही दिवस उरलेले असताना मुंबईच्या उत्तर उपनगरात सरावाच्या वेळी अकरा वर्षांचा एक मुलगा वरून पडून मेला.

“त्या पोराचा विषय निघाला की आमच्याही घशाखाली घास उतरत नाही,” दादा म्हणतात. “पण तुम्हीच सांगितलंत ना, आकडा चौदाचा होता. मग काय उपयोग झाला त्याचा? कोर्टालाच ठरवता येईना बारा की अठरा, आम्ही काय ठरवायचं? आणि सगळी दुनिया मुंबईलाच का धरते? तिकडे स्पेनमध्ये मनोरे लावतात, आमच्यासारखेच, दहा-दहा थर. वरचं पोर सहा-सात वर्षांचं असतं. त्याला युनेस्को वारसा म्हणते, आणि आम्हाला गुन्हेगार.”

दादांचं उदाहरण सर्वांत अडचणीचं आहे, म्हणून त्यावर जरा थांबायला हवं. कातालोनियातले ‘कास्तेल’ म्हणजे मानवी मनोरे २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत आले, आणि सगळ्यात वर चढणारं मूल खरोखरच आपल्या बालगोविंदापेक्षाही लहान असतं. म्हणजे वय हाच सगळ्या प्रश्नाचा गाभा असता, तर कातालोनिया मुंबईहून वाईट ठरायला हवा. तसं सहजासहजी म्हणता येत नाही, आणि त्याची कारणं वयाबाहेरची आहेत. मनोऱ्याच्या पायाशी शेकडो माणसं एकमेकांना चिकटून गोल उभी राहतात. ही गर्दी भार तर घेतेच, शिवाय वरून पडणाऱ्याला झेलणारी गादीही तीच. २००६ मध्ये बारा वर्षांची एक मुलगी पडून दगावली, त्यानंतर वरच्या मुलांच्या डोक्यावर खास बनवलेलं हेल्मेट आलं. म्हणजे एवढ्या तयारीतही मूल गेलं, हे दादांनी विसरू नये. पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा मोजमापाचा हिशेब. वरच्या मुलाने हात उंचावला की मनोरा ‘चढला’ एवढंच मानतात. सगळे थर न कोसळता खाली आले तरच तो पूर्ण. स्पर्धेत या दोहोंचे गुण वेगळे, आणि उतरवलेल्या मनोऱ्याचे जास्त. आपल्याकडेही चांगली पथकं थर सुखरूप उतरवण्यात मान समजतात, हे खरं. पण मैदानातला जल्लोष, कॅमेरा आणि निवेदकाचा चढलेला आवाज हे सगळं सलामीच्या क्षणापाशी संपतं. तिकडे स्पर्धाही वरचेवर होत नाहीत. तारागोनाची मोठी स्पर्धा दोन वर्षांनी एकदा. एरवी गावच्या चौकात जत्रेला मनोरे लागतात. एका दिवसात ट्रकमधून आठ-दहा हंड्या गाठायच्या, दुपारी भिवंडी आणि रात्री ठाणे, ही धावपळ तिथे नाही. थकलेल्या पायांवर उभ्या राहिलेल्या थराला शेंड्यावरच्या मुलाचं वय ठाऊक नसतं.

म्हणून कातालोनियाच्या उदाहरणातून दादांना हवा तो निष्कर्ष निघत नाही, आणि केवळ वयावर बोट ठेवणाऱ्यांना हवा तोही निघत नाही. पैसा आणि गुण कशावर लावले आहेत, त्यावर मुलाचा धोका ठरतो, एवढं मात्र निघतं.

“मग त्या ऑलिंपिकच्या पोरींचं काय?” दादांनी हा प्रश्न राखून ठेवलेला असतो. “टोकियोत स्केटबोर्डवर तेरा वर्षांची सोनं जिंकते, बारा वर्षांची रौप्य. हात-पाय मोडून घेतात, पुन्हा उभ्या राहतात. सगळं जग टाळ्या वाजवतं. आपली पूर्णा मालावत तेरा वर्षांची असताना एव्हरेस्टवर उभी राहिली. तिला कुणी थांबवलं असतं तर आदिवासी पाड्यावरची एक पोर जगाला दिसलीच नसती. धोका पत्करायचा हक्क फक्त श्रीमंतांच्या पोरांना आहे का?”

टोकियोत सुवर्ण घेणारी मोमिजी निशिया तेरा वर्षांची होती, रौप्य घेणारी रायसा लेआलही तेराच. दुसऱ्या, म्हणजे पार्क प्रकारात रौप्य घेणारी कोकोना हिराकी बारा वर्षांची, आणि कांस्यपदक घेणारी स्काय ब्राउन तेरा. ब्राउनची कवटी आदल्याच वर्षी सरावात फ्रॅक्चर झाली होती. म्हणजे धोका काल्पनिक नाही, आणि बारा वर्षांच्या मुलीने उतारावरून स्वतःला झोकून द्यावं की नाही यावर वाद घालता येईल. तरी तिचा बोर्ड तिच्याच पायाखाली असतो. तोल जातोय असं वाटलं तर तो सोडून कधी उडी मारायची, हे तीच ठरवते. निशियाच्या प्रकारात व्यासपीठावर सोळा वर्षांची मुलगीही होती, आणि पार्क प्रकारातली विजेती एकोणीस वर्षांची होती. वय वाढलं म्हणून खेळ हातातून निसटत नाही. पूर्णाचंही तेच. नेपाळच्या बाजूने सोळा वर्षांखाली परवाना मिळत नाही, म्हणून ती २०१४ मध्ये तिबेटकडून चढली. मला स्वतःला तेराव्या वर्षी आठ हजार मीटरवर जाणं पटत नाही. परत आलेल्यांचीच नावं आपण घेतो, आणि परतीचा निर्णय त्या उंचीवर प्रौढांनाही जमत नाही. पण पूर्णाला तिच्या वजनासाठी कुणी नेलं नव्हतं. ती दुसऱ्याच्या कामाचा शेवटचा तुकडा नव्हती.

हंडीच्या शेंड्यावरच्या मुलाला ही मुभा नसते. तिसऱ्या थरात कुणाचा गुडघा वाकला, हे त्याला पायाखाली थरथर जाणवेपर्यंत कळत नाही, आणि कळलं तरी करण्यासारखं काही नसतं. ‘मला आज नको’ असं खाली असतानाच म्हणावं लागतं, आणि तेही दीड-दोनशे माणसं महिनाभर आपल्याभोवती खपलेली असताना. मोठ्यांना तरी हे म्हणता येतं का? येलेना मुखिना १९७८ ची जिम्नॅस्टिक्समधली जगज्जेती. पाय मोडून सावरत होती तरी एका भयंकर उडीचा सराव तिच्याकडून करून घेतला गेला, आणि १९८० मध्ये मॉस्को ऑलिंपिकच्या तोंडावर मान मोडून ती कायमची अंथरुणाला खिळली. ती वीस वर्षांची होती. पुढे स्त्रियांसाठी त्या उडीवर बंदी आली. चाळीस वर्षांनंतर टोकियोत सिमोन बाइल्सला हवेतच आपली दिशा कळेनाशी झाली, तेव्हा ती सरळ थांबली. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, तिच्या गळ्यात ऑलिंपिकची चार सुवर्णं आधीच होती, आणि तरीही तिच्यावर टीका झाली. नऊ वर्षांच्या मुलाच्या संमतीला आपण किती वजन द्यायचं, हे त्यावरून ठरवावं.

इथे दादा जे म्हणतात, त्याला माझ्याकडे पहिल्या झटक्यात उत्तर नाही. “तुम्ही जिम्नॅस्टिक्सच्या पोरींशी बरोबरी करताय, पण तिथं पोर मोठी झाली की बाहेर फेकतात. आमच्याकडे एक्का मोठा होतो तसा खाली येतो. आधी शेंड्याला, मग खालच्या एक्क्याला, अंगात ताकद आली की मधल्या थराला, शेवटी पायाला. चाळिशीतला माणूस पायाला उभा असतो तो लहानपणी वर चढलेला असतो. पथकामुळे पोरगं नाक्यावरच्या टोळक्यात जात नाही, दारू-गुटख्यापासून लांब राहतं. आजारपणात पथकच धावून येतं. हे सगळं तुमच्या नियमात कुठं बसतं?”

हे मान्य करायला हवं, आणि नुसतं तोंडदेखलं नव्हे. मुंबईच्या वस्त्यांत गोविंदा पथक ही जी संस्था आहे, तिच्या तोडीचं काही महापालिकेने वा शाळांनी उभं केलेलं नाही. नुसती बंदी घालून मुलाचं भलं होत नाही, याचा धडा ओडिशाने दिला आहे. बुधिया सिंग २००६ मध्ये चार वर्षांचा असताना पुरीपासून भुवनेश्वरच्या दिशेने ६५ किलोमीटर धावला. डॉक्टरांनी तपासलं, सरकारने असं धावण्यावर बंदी आणली, पुढे त्याला क्रीडा वसतिगृहात ठेवलं. बंदी योग्यच होती. पण धावण्याच्या जागी त्या मुलाला नक्की काय द्यायचं, याचा विचार बंदीइतक्या तातडीने झाला नाही, आणि देशाने ज्याच्यावर मॅरेथॉनचं स्वप्न लादलं तो मॅरेथॉनपटू कधी झाला नाही.

तरीही दादांनी सांगितलेली ती उतरंड पुन्हा पाहा. ती सगळ्या हुनरांच्या उलटी आहे. गवंड्याच्या हाताखालचा पोरगा आधी जमिनीवर माल कालवतो, विटा पोचवतो. परांचीवर चढतो तो हात बसल्यावर. हंडीत उमेदवारी शेंड्यावर होते आणि उस्ताद जमिनीवर असतो. ज्याला सर्वांत कमी कळतं, ज्याचं हाड अजून वाढतं आहे, ज्याचं डोकं बाकी शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी आहे, त्याच्या वाट्याला सर्वांत उंच जागा येते. मल्लखांबाशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होतं. तोही मराठी मातीतला, तोही पडझडीचा. पण मल्लखांबावर मूल हातभर उंचीपासून सुरुवात करतं, पकड जमेल तसं वर जातं, आणि वीस वर्षांचं झाल्यावर लहानपणी येत नव्हतं ते त्याला येऊ लागतं. शेवटचा एक्का वीस वर्षांचा झाल्यावर एकच गोष्ट गमावतो, ती म्हणजे त्याचं कमी वजन. त्याच्या कौशल्याची नव्हे, तर त्या वजनाची जागा रिकामी होते, आणि दुसरं मूल तिथे चढतं.

“आता दोर लावतो आम्ही,” दादा म्हणतात. “क्रेनला सेफ्टी बेल्ट, डोक्याला हेल्मेट, खाली गाद्या. दहा लाखांचा विमा. अजून काय करायचं?”

विमा पडल्यानंतरच्या कामाचा आहे, म्हणून त्याविषयी जास्त बोलण्यात अर्थ नाही. दोराचं स्वागतच आहे. मात्र मोठ्या हंडीच्या क्रेनला तो असतो, सरावाच्या रात्री गल्लीत प्रत्येक वेळी असेलच असं नाही, आणि तो बहुधा सर्वांत वरच्यालाच बांधलेला असतो. खालचे दोन-तीन एक्केही कोवळेच असतात. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर वीस फुटांवरून पडणारं शरीर जमिनीला ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वेगाने भिडतं, चाळीस फुटांवरून ५५ च्या आसपास. पण दोराने माझाच मुद्दा बळकट होतो. दोर इतका भरवशाचा असेल, तर त्याला मूलच का बांधायचं? वीस वर्षांचा जवान बांधा. दादा यावर गप्प राहतात, कारण उत्तर दोघांनाही माहीत आहे. शेवटचे चार थर एक्के आहेत असं धरा. सर्वांत वरचं मूल २० किलो, खालचं ३०, त्याखालचा ४५. चौथ्या एक्क्याच्या खांद्यावर ९५ किलो येतात. तेच तिघे पंचावन्न-पंचावन्न किलोचे तरुण असते तर १६५. सत्तर किलोंचा फरक! एक थर कमी लागण्याइतका, आणि बक्षीस हुकण्याइतका.

हलकेपणाला अशी किंमत असते तिथे वयाचा नियम कसा कुरतडला जातो, हे इतर खेळांनी दाखवून ठेवलं आहे. जिम्नॅस्टिक्समध्ये लहान शरीर हवेत जास्त चपळ फिरतं. १९९७ पासून तिथे मुलींसाठी किमान वय सोळा आहे, आणि वयाच्या खोट्या कागदांचा इतिहास त्याहून जुना आहे. उत्तर कोरियाची किम ग्वांग-सुक सलग तीन वर्षं पंधराच वर्षांची म्हणून स्पर्धांत उतरली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये चीनची एक खेळाडू वयात बसत नव्हती, हे दहा वर्षांनी सिद्ध झालं आणि संघाचं कांस्यपदक परत घेतलं गेलं. आखातातल्या उंटांच्या शर्यती हे आणखी उघडं उदाहरण. पाकिस्तान, बांगलादेश, सुदानहून आणलेली चार-पाच वर्षांची मुलं उंटाच्या पाठीवर बांधली जात. संयुक्त अरब अमिरातीने २००२ मध्ये पंधरा वर्षांची आणि ४५ किलोंची मर्यादा जाहीर केली. ती फारशी पाळली गेली नाही. २००५ मध्ये कायदा कडक झाला, आणि त्याच सुमारास चाबूक हलवणारे छोटे यंत्रमानव उंटांवर आले. मुलं मायदेशी गेली. शर्यती थांबल्या नाहीत, उंट हळूही झाले नाहीत. त्या मुलांच्या जागी यंत्र इतक्या सहज बसलं, यावरून ती मुलं तिथे कशासाठी होती ते कळतं.

म्हणून प्रस्ताव असा. बक्षिसाच्या प्रत्येक हंडीत आणि प्रो गोविंदासारख्या स्पर्धेत वरच्या तीन एक्क्यांचं वय अठराच्या पुढे हवं, आणि त्या तिघांचं मिळून एक किमान वजन ठरलेलं हवं. एकट्या वयाचा नियम केला, तर उद्या अडतीस किलोचे उपाशी तरुण शोधले जातील. घोड्यांच्या शर्यतीतले जॉकी स्वतःला कसे सुकवतात ते जगाला माहीत आहे. एकट्या वजनाचा केला, तर धष्टपुष्ट बारा वर्षांचा मुलगा चढवला जाईल. दोन्ही मिळून असले, की कुणालाही हलकेपणातून काही कमावता येत नाही.

“मग शिशाचे पट्टे बांधतील पोरांच्या कमरेला,” दादा हसतात. नावेत ते चालतं, कारण तिथे वजन बाकाखाली पडून राहतं. इथे चालणार नाही. वजन अंगाचंच मोजायचं, बनियन आणि चड्डीवर.

“आणि दहाचे आठ होतील.” होतीलच. पण सगळ्यांचे होतील. जे पथक आज दहा लावतं ते आठ लावेल, नऊवालं सात, आणि त्यांच्यात आज जेवढं अंतर आहे तेवढंच राहील. प्रेक्षकाला गर्दीतून मान वर करून थर मोजता येतात, पण त्याचे डोळे पाणावतात ते थरथरत्या पायांनी सावरलेला तोल पाहून, आणि तो सातव्या थरालाही तितकाच दिसतो. आयोजकांनी बक्षीस थराच्या आकड्यावर न लावता क्रमांकावर लावलं, तर त्यांचाही काही तोटा नाही. विक्रम मोडायचा राहील. तो राहू द्यावा.

दादा थोडा वेळ हिशेब करतात. गल्लीतल्या छोट्या हंडीला वजनकाटा कोण आणणार, असं विचारतात. तिथे काटा नको. तिथे मुलांची हंडी मुलांनीच लावावी, दोन-तीन थरांची, खाली त्यांच्याच वयाची पोरं. नियम लागेल तो लाखांच्या हंडीला, आणि तिथे पोलिसांची आणि पालिकेची परवानगी आजही लागतेच. तिच्यातच ही अट घालता येते. मग ते खरी अडचण सांगतात. “मी एकट्याने पोर उतरवलं, तर शेजारचं पथक पुढे जाईल. सगळ्यांना एकदम लागू झालं तर मी पहिला सही करीन. पण अठरा-वीसच्या पोरांना शेंड्यावरचा तोल येत नाही हो. ती शिकलेलीच नाहीत. त्यांना तयार करायला मला दोन हंगाम लागतील.”

दोन हंगाम रास्त आहेत. बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पंधरा वर्षांच्या कामिला व्हालिएव्हाचे झालेले हाल जगाने पाहिले, आणि त्याच वर्षी, २०२२ मध्ये, आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने किमान वय पंधरावरून सतरा केलं. तेही एका झटक्यात नव्हे. एका हंगामात सोळा, पुढल्या हंगामात सतरा, अशा दोन टप्प्यांत, दोन्हींच्या तारखा आधीच जाहीर करून. हंडीलाही तशी मुदत मिळावी. मात्र पहिल्या हंगामाचा आकडा येत्या गुरुपौर्णिमेआधी, सरावाचा नारळ फुटायच्या आत, गोविंदा पथकांच्या समन्वय समितीच्या कागदावर यायला हवा. आणि या दोन हंगामांत सरावाच्या प्रत्येक रात्री, गल्लीतल्या गल्लीतसुद्धा, वरच्या तिन्ही एक्क्यांना दोर हवा.